यूएसबी-सी चार्जर आणि बारा व्होल्टचा हट्ट

नागपुरातल्या नंदनवनच्या एका पोराचा प्रश्न आहे. पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्ट म्हणून कूलरच्या पंपाचा टायमर करतोय. घरात एका मेलेल्या लॅपटॉपचा ६५ वॉटचा यूएसबी-सी चार्जर पडून आहे. १२ व्होल्टचा छोटा डीसी पंप, दोन मीटर एलईडी पट्टी आणि ईएसपी३२ बोर्ड (वायफायवाला छोटा कंट्रोलर) हे सगळं त्याच चार्जरवर चालवायचा त्याचा बेत आहे. म्हणून त्याने सी-टू-सी केबल मधोमध कापली, लाल-काळी तार सोलली आणि मीटर लावला. शून्य. मग फोनच्या जुन्या चार्जरची केबल कापली, तिच्यावर ५ व्होल्ट आले. आता तो विचारतो, "सर, लॅपटॉपचा चार्जर गेला का? आणि १२ व्होल्ट कुठून काढू?"

चार्जर ठणठणीत आहे. दोन केबल गेल्या, त्यांचं फार मनावर घेऊ नको; माझ्या टेबलाच्या खणात अशा कापलेल्या केबलींची जुडीच आहे.

आधी शून्य का आलं ते बघू. जुन्या यूएसबी-ए सॉकेटवर ५ व्होल्ट कायम उभे असतात, समोर कुणी असो वा नसो. तुझ्या दुसऱ्या केबलवर तेच दिसले. सी पोर्टची रीत वेगळी आहे. समोर खरोखर कुणीतरी जोडलंय याची खात्री पटेपर्यंत तो आपल्या मुख्य तारेवर काहीच सोडत नाही. ही खात्री सीसी नावाच्या पिनवरून होते. घेणाऱ्या बाजूने त्या पिनपासून ग्राउंडला ५.१ किलोओमचा रेझिस्टर असावा लागतो. चार्जरच्या बाजूने त्याच पिनला एक पुल-अप, म्हणजे पिनला प्लसकडे ओढणारी जोडणी, असते. दोघांच्या मध्ये जो व्होल्टेज ठरतो तो वाचून चार्जर ५ व्होल्ट सोडतो. तुझ्या कापलेल्या टोकाला ना पिन होती ना रेझिस्टर. चार्जरच्या दृष्टीने केबलीच्या पलीकडे कुणीच नव्हतं.

म्हणून केबल कापायच्या ऐवजी सी-टाइप फिमेल सॉकेटचा छोटा बोर्ड घे. घेताना भिंगाखाली बघ: सीसी१ आणि सीसी२ या दोन्ही पिनांना स्वतंत्र ५.१ किलोओम हवेत, म्हणजे ५१२ असं छापलेले दोन बारके रेझिस्टर दिसायला हवेत. स्वस्तातल्या बऱ्याच बोर्डांवर ते नसतातच. मग ए-टू-सी केबलने बोर्ड चालतो, सी-टू-सी लावली की मेल्यासारखा पडतो, आणि माणूस चार्जरला शिव्या देतो. दोन्ही पिना जोडून एकच रेझिस्टर लावायची काटकसरही करू नको. २०१९ साली रास्पबेरी पाय ४ च्या पहिल्या आवृत्तीत नेमकी हीच चूक झाली होती. साध्या केबलने बोर्ड चालायचा, पण चिप असलेली चांगली केबल लावली की चार्जरला वाटायचं समोर ऑडिओची जोडणी आहे, आणि तो वीजच द्यायचा नाही.

हा बोर्ड हातात आला की एक प्रयोग करून बघ. चार्जर जोड आणि मीटरचं काळं टोक ग्राउंडला, लाल टोक आधी सीसी१ ला, मग सीसी२ ला लाव. एका पिनवर काही नसेल, दुसरीवर वाचन मिळेल. साधारण ०.४ व्होल्ट आले तर चार्जर म्हणतोय, माझ्याकडून जुन्या यूएसबीइतकाच करंट घे. ०.९ आले तर ५ व्होल्टवर दीड अँपियर, १.७ च्या आसपास आले तर ३ अँपियर. तुझ्या चार्जरवर १.७ दिसायला हवेत. तुला फक्त ५ व्होल्ट हवे असते तर काम इथेच संपलं असतं: ५ व्होल्ट, ३ अँपियर, दोन रेझिस्टर.

त्याच्या वरचं काही हवं असेल तर मात्र बोलावं लागतं. त्या सीसी तारेवरच चार्जर आणि घेणारं उपकरण सेकंदाला ३ लाख बिटांच्या गतीने निरोप पाठवतात. याला पॉवर डिलिव्हरी म्हणतात, आपण पीडी म्हणू. चार्जर आधी यादी वाचतो: माझ्याकडे ५ आहेत, ९ आहेत, १५ आहेत, २० आहेत, प्रत्येकी एवढे अँपियर. घेणारा त्यातली एक ओळ निवडतो, चार्जर होकार देतो, व्होल्टेज चढवतो आणि "तयार आहे" असं कळवतो. भाजीवाल्यासारखंच आहे. टोपलीत आहे तेच मिळेल, आणि टोपलीत काय आहे ते तो आधी सांगतो.

आता तुझ्या मूळ प्रश्नावर येतो. ठरलेल्या पायऱ्या ५, ९, १५ आणि २० अशा आहेत. १२ त्यांच्यात सक्तीचे नाहीत. पीडीच्या पहिल्या आवृत्तीत १२ होते, पुढे ते ऐच्छिक झाले. ज्याला द्यायचे तो देतो. बऱ्याच फोन चार्जरवर १२ सापडतात, लॅपटॉपच्या चार्जरवर पुष्कळदा नसतात. त्यामुळे पहिलं काम म्हणजे चार्जर उलटा करून बारीक अक्षरातलं लेबल वाचणं. ६५ वॉटच्या चार्जरवर सहसा ५ व्होल्ट ३ अँपियर, ९ व्होल्ट ३, १५ व्होल्ट ३, २० व्होल्ट ३.२५ अशी ओळ असते. वॉटचा मोठा आकडा फक्त शेवटच्या पायरीवर खरा असतो. १५ वर तुला ४५ वॉटच मिळणार. शिवाय ३ अँपियरच्या वर जायला आतमध्ये ओळख सांगणारी चिप असलेली केबल लागते. साध्या केबलवर चार्जर ३ वर थांबतो, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. तुला तेवढ्याची गरजच नाही.

फोनच्या चार्जरबद्दल एक सावधगिरी. ६७, ८० असे आकडे ठळक छापलेले चार्जर अनेकदा तो आकडा फक्त आपल्या कंपनीच्या फोनशी, आपल्याच भाषेत बोलून देतात. पीडीत विचारलं की मुकाट्याने खालच्या पायरीवर येतात. आणि चार्जरला ए सॉकेट असेल तर तिथे पीडी नाहीच, कारण ए-टू-सी केबलीत सीसीची तार चार्जरपर्यंत पोचतच नाही. तिथे डेटाच्या दोन तारांवर ठरावीक व्होल्टेज देऊन मागणारी क्विक चार्जची जुनी पद्धत चालते. नव्या प्रोजेक्टसाठी मी तिच्या वाटेला जात नाही.

बोलण्याचं काम तुला स्वतः करायला नको. त्यासाठी ट्रिगर बोर्ड मिळतात, अंगठ्याएवढे. एका बाजूला सी सॉकेट, दुसऱ्या बाजूला प्लस-मायनस. बाजारात सर्वांत जास्त दिसतो तो सीएच२२४के या चिपचा. तिच्या एका पिनपासून ग्राउंडला कोणता रेझिस्टर आहे यावर व्होल्टेज ठरतं: ६.८ किलोओम असेल तर ९, २४ असेल तर १२, ५६ असेल तर १५. आणि रेझिस्टर नसेलच तर २०.

हे शेवटचं वाक्य मी महागात शिकलो. दोन वर्षांपूर्वी देवघराच्या मखरासाठी १२ व्होल्टची पट्टी लावत होतो. २४ किलोओमचा रेझिस्टर मीच सोल्डर केला, टेबलावर १२ आले, समाधानाने बोर्ड डब्यात बसवला. स्क्रू आवळताना बोर्ड किंचित वाकला असणार आणि माझं सोल्डरिंग ड्राय, म्हणजे कच्चं, निघालं. रेझिस्टर सुटला. चिपच्या लेखी आता रेझिस्टर नव्हता, म्हणून तिने इमानेइतबारे २० मागितले आणि चार्जरने दिले. १२ व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन एलईडी आणि एक रेझिस्टर अशी साखळी असते. तीन एलईडी मिळून सव्वानऊच्या आसपास खातात, म्हणजे १२ वर त्या रेझिस्टरच्या वाट्याला पावणेतीन व्होल्ट येतात. २० वर पावणेअकरा. करंट जवळजवळ चौपट. पट्टी आधी इतकी लख्ख उजळली की बायको म्हणाली, छान दिसतंय. दहा मिनिटांत पिवळी पडली आणि वास सुटला. तेव्हापासून ट्रिगर बोर्डाचं आउटपुट मी कुठल्याही लोडला थेट जोडत नाही.

आणि १२ मागितले, पण चार्जरच्या यादीत ते नसतील तर? कोणता बोर्ड काय करेल हे बोर्डावर अवलंबून असतं. काही खालच्या पायरीवर, म्हणजे ९ वर येऊन थांबतात, काही ५ वरच बसतात. आज तुझ्या टेबलावर १२ मिळाले म्हणून परीक्षेच्या दिवशी सरांच्या चार्जरवर मिळतीलच असं नाही. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: १२ चा हट्ट सोड. १५ माग आणि बक कन्व्हर्टर (व्होल्टेज खाली उतरवणारा छोटा बोर्ड) लावून स्वतः १२ कर. ४५ वॉट आणि त्यावरच्या पीडी चार्जरवर १५ हमखास सापडतात.

हिशेब करू. पंप साधारण अर्धा अँपियर धर. पट्टी मीटरला ४.८ वॉटची असेल तर दोन मीटरचे ९.६ वॉट, १२ व्होल्टवर ०.८ अँपियर. एकूण १.३ अँपियर, म्हणजे साडेपंधरा वॉट. बक कन्व्हर्टरची कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर आत पावणेअठरा वॉट जातील. ईएसपी३२ चे दीड-दोन वॉट मिळव. विसाच्या आत सगळं, १५ व्होल्टवर जेमतेम १.३ अँपियर. चार्जर गारच राहील.

बक कशाला, ७८१२ (जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत घालवून १२ देणारी तीन पायांची चिप) टाकतो, असं तुझ्या मनात येईल. करून बघ कागदावर: १५ वजा १२ म्हणजे ३ व्होल्ट, गुणिले १.३ अँपियर, जवळजवळ ४ वॉट उष्णता. हीटसिंकशिवाय ते पॅकेज वॉटमागे पन्नास-साठ अंश वर जातं. आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी सावलीतच ४५ असतात, कूलरच्या बाजूला खिळलेल्या प्लास्टिकच्या डब्यात त्याहून जास्त. पुण्यामुंबईच्या डेटाशीट वाचणाऱ्यांना हे सांगून पटत नाही. ७८१२ आतल्या आत तापून स्वतःला बंद करेल आणि नेमकं भर दुपारी, पाणी सर्वांत जास्त हवं तेव्हा. ९ व्होल्टवर पन्नास मिलिअँपियर घेणारं काही असेल तर ७८०९ खुशाल लाव, तिथे त्याच्याइतकं शांत काही नाही.

बकसाठी एलएम२५९६ चा मॉड्यूल बर्डीच्या बाजारात कुठेही मिळेल. वर तीन अँपियर लिहिलेलं असतं, मी दीडच्या पुढे भरवसा ठेवत नाही. अर्धेअधिक मॉड्यूल नकली चिपचे असतात आणि उन्हाळ्यात त्यांची जात कळते. आउटपुटला लोड जोडण्याआधी स्क्रू फिरवून १२ लावून घे आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाक. इनपुटच्या कॅपॅसिटरवर ३५ किंवा ५० व्होल्ट छापलेलं आहे ना, तेही बघ. १६ चा असेल तर एक दिवस २० आले की फुगेल. ईएसपी३२ साठी दुसरा छोटा बक ठेव, १५ वरून ५ करणारा, पण ५ व्होल्ट आत आले तरीही बोर्ड जिवंत राहील असा. ही अट का, ते आता सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांना असाच टायमर करून दिला होता, दोन पोर्टच्या चार्जरवर. चार-पाच दिवस छान चालला. मग काका रोज सकाळी तक्रार घेऊन यायला लागले, "काहून बंद पडते बाप्पा हे रात्री?" डबा आणला, टेबलावर दोन दिवस चालवला, काही नाही. परत नेला, पुन्हा तेच. शेवटी एका रात्री त्यांच्याकडेच बसून राहिलो. साडेदहा वाजता नातू आला आणि त्याने दुसऱ्या पोर्टात फोन लावला. टक करून रिले पडला, पंप बंद. दोन पोर्टच्या पुष्कळ चार्जरांत दुसरं उपकरण आलं की चार्जर सगळी वाटणी नव्याने करतो. त्यासाठी पहिल्या पोर्टची वीज क्षणभर काढून घेतो, आणि कधीकधी पूर्वी दिलेली पायरी परत देतही नाही. नातवाचा फोन रात्रभर चार्जिंगला, आणि माझा टायमर रात्रभर वेळ विसरून बसलेला.

यावर इलाज असा. लोड चालू करण्याआधी कंट्रोलरने स्वतः व्होल्टेज मोजायचं. ट्रिगरच्या आउटपुटवर १०० किलोओम आणि १० किलोओमचा डिव्हायडर, म्हणजे व्होल्टेज भागणारी दोन रेझिस्टरांची जोडी, लाव. भागाकार अकराचा: १५ व्होल्टला १.३६ मिळतील, २० ला १.८२, ५ ला ०.४५. ईएसपी३२ चं मोजमाप थोडं वाकडं असतं, पण हे तीन आकडे वेगळे ओळखायला पुरेसं आहे. वाचन १५ च्या आसपास दोन सेकंद स्थिर दिसलं तरच मॉसफेट, म्हणजे लोडची वाट उघडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, उघडायचा, नाहीतर लाल दिवा लावून गप्प बसायचं. चालू असताना वाचन घसरलं तर पंप बंद करायचा. आणि चालू-बंदची स्थिती फ्लॅशमध्ये लिहून ठेवायची, म्हणजे रीसेट झाला तरी टायमरला आठवेल.

मॉसफेट निवडताना सगळे एकाच खड्ड्यात पडतात. आयआरएफझेड४४एन दुकानदार हातात ठेवतो, तो ३.३ व्होल्टच्या गेटवर पुरता उघडत नाही, अर्धवट उघडून तापतो. एओ३४०० घे, तो २.५ व्होल्टला उघडतो आणि तुझ्या करंटला पुरून उरतो. फक्त एवढासा असतो, सोल्डर करताना चिमटा लागेल. पंप साधा ब्रशवाला असेल तर त्याच्या दोन टोकांवर उलटा डायोड विसरू नको.

मॉसफेटचा आणखी एक फायदा आहे. नियमाप्रमाणे जोडणीच्या क्षणी घेणाऱ्याकडे १० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा कॅपॅसिटर नसावा. एलएम२५९६ च्या मॉड्यूलवरच शंभरचा असतो. बहुतेक चार्जर चालवून घेतात, पण एखादा कडक स्वभावाचा चार्जर दचकून बंद होतो, परत चालू होतो, परत बंद होतो. असं टिकटिकणं दिसलं तर चार्जर बदलण्याआधी तिथे बघ. १२ चा बक कायम जोडून ठेवण्याऐवजी मॉसफेटच्या पलीकडे ठेवलास तर ही कटकट कमी होते.

कुणी म्हणेल, थेट १२ देणारे पीपीएस चार्जर आहेत की. आहेत. लेबलवर ३.३ ते ११ किंवा ३.३ ते २१ व्होल्ट अशी सलग पट्टी छापलेली असेल तर तो पीपीएस. २० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी व्होल्टेज मागता येतं, ५० मिलिअँपियरच्या पायऱ्यांनी करंटची मर्यादा ठरवता येते. एपी३३७७२ सारखी चिप आणि एक कंट्रोलर जोडला की खिशात मावणारा बेंच सप्लाय तयार. माझ्या टेबलावर आता तोच असतो. पण ११ वर थांबणारा असेल तर तुला १२ तिथेही नाहीत. शिवाय मागणी एकदा करून भागत नाही. दर दहा सेकंदांच्या आत ती पुन्हा सांगावी लागते, नाहीतर चार्जर समजतो समोरचा झोपला, आणि सगळं रीसेट करून ५ वर येतो. तुझ्या प्रोग्रॅममध्ये कुठेतरी वायफायची वाट बघत अडकलेला लूप असेल तर पंप दर पंधरा सेकंदांनी उचकी देईल. पहिल्या प्रोजेक्टला नको.

तुझ्या कामाचं नाही, पण ऑप-अँपसाठी (सिग्नल मोठा करणारी चिप) अधिक-उणे १५ व्होल्ट हवेत असं दर महिन्याला कुणीतरी विचारतं, म्हणून सांगून ठेवतो. दोन वेगळे दोन-पिनी चार्जर, दोन ट्रिगर बोर्ड, दोन्ही १५ वर. पहिल्याचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला जोडला की तो सांधा झाला शून्य. एकाच चार्जरचे दोन पोर्ट इथे चालत नाहीत, त्यांचं ग्राउंड आतून एक असतं आणि तू सरळ शॉर्ट करशील. आणि लक्षात ठेव, खालच्या चार्जरच्या सी प्लगचं धातूचं कवच आता उणे १५ वर आहे. दोन प्लग धातूच्या एकाच पॅनलमध्ये बसवलेस तर संपलं. दोन चार्जर समांतर जोडून करंट वाढवायचा प्रयत्न कधीच करू नको.

दोन-पिनी चार्जरच्या मायनसला हात लावला की कधीकधी मुंग्या येतात, मीटरवर अर्थिंगच्या तुलनेत शंभरच्या आसपास एसी दिसतं. आतल्या वाय-कॅपॅसिटरमधून येणारी ती किरकोळ गळती असते. चांगल्या चार्जरमध्ये ती जीवाला धोकादायक नसते, पण अर्थ केलेल्या सोल्डरिंग आयर्नने चालू बोर्डाला स्पर्श केलास तर नाजूक मॉसफेट जाऊ शकतो. सोल्डरिंग करताना चार्जर काढूनच ठेव. नवा चार्जर घेशील तर त्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, आयएस १३२५२ आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघून घे. कूलरजवळ पाणी असतं, तिथे बिनशिक्क्याचा चार्जर मी ठेवणार नाही. पंप आणि तार पाण्यात, चार्जर मात्र खिडकीच्या आत, कोरड्या जागी.

तर उद्या एवढंच कर: लेबलवरची पूर्ण ओळ जशीच्या तशी उतरवून घे, १५ वर लावलेला ट्रिगर बोर्ड जोड, आणि काहीही लोड न लावता मीटर काय म्हणतो ते बघ. मग १२ व्होल्टचा गाडीचा जुना बल्ब बकवर लावून अर्धा तास ठेव आणि बकला बोट लावून बघ. ते वाचन आणि बोट किती वेळ टिकलं ते मला कळव, मग पंप जोडू.